महादेवचं हेलियम

काही माणसं नुसती उभी राहिली तरी किस्सा होतो. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात, फिजिक्स डिपार्टमेंटला, वडूजचा महादेव हा तसला गडी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटरवर द्रव हेलियमचं गणित मांडून हा पीएच.डी. करत होता. कॉम्प्युटर पुण्यात, महादेव सांगलीत आणि हेलियम कुठंच नाही!

जिवाचं रान करत होता बिचारा. कारण नात्यातल्या सुभेदारांनी बजावलं होतं, "डॉक्टर झाल्याबिगर आमची शालन द्यायची न्हाई!" शालनवर त्याचा फार जीव. आम्ही मात्र मजा बघायचो.

*

प्रोग्रॅम असायचा भोकं पाडलेल्या कार्डांवर. त्यांचं खोकं घेऊन तो पुण्याच्या एसटीत चढला.

"ह्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"हेलियम."

"ग्यास? उतरा खाली!"

"खरा नाही हो, गणितातला आहे."

"मग जावा गणितातल्या गाडीनं!"

*

त्याच्या वडिलांची हयात मेंढरं राखण्यात गेलेली. पोरगं करतं काय, ते बघायला एकदा आले. महादेवनं समजावलं, "दादा, एका पेटीत अणू दाटीवाटीनं भरायचे. एखादा उजवीकडनं बाहेर गेला, की डावीकडनं आत घ्यायचा. म्हणजे कमी होत न्हाईत."

म्हातारा विचारात पडला. "म्हंजी मेंढरू कुपातनं भाईर पडलं, की मागनं आपसूक आत?"

"व्हय."

"लय झ्याक कूप हाय की रं! मग राखणीला तू कशाला?"

*

एकदा अणूंची क्वांटम थरथर मोजणारी कार्डं भलत्याच जागी लागली आणि एरवी न गोठणारं हेलियम उत्तरात चक्क गोठलं! महादेव दिवसभर जेवला नाही. हेड म्हणाले, "गोठू दे रे. उन्हाळ्यात गारेगार म्हणून विकू!"

*

शेवटी सुभेदारच डिपार्टमेंटला येऊन थडकले. सोबत शालन.

"पावणं, आनखी किती दिस?"

"वर्षभर तरी, मामा."

"जमत नसंल तर सांगा. मिलिट्रीतलं स्थळ आलंय."

महादेवचा चेहरा असा पडला, की मलाही गलबलून आलं. तरी तो सांगत राहिला, "मामा, कितीही गार करा, हेलियमचे अणू एका जागी बसतच न्हाईत. स्वभावच त्यांचा. ती हालचाल गणितात धरायलाच वेळ जातोय."

"आमच्या पलटणीत धाडा. एका आरोळीत सावधान करतो!"

दारात उभी असलेली शालन तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"आबा, एवढ्या गारठ्यात जे बसंनात, ते तुमच्या आरोळीनं बसत्यात व्हय? ह्ये डॉक्टर हुतील तवा हुतील, तुमी मुहूर्त बघा!"