बांधावरची शिष्टाई

बाविसाव्या वर्षी माझ्या डोक्यात एकच खूळ होतं. नदी दोन देशांतून वाहते, धूर एका देशात निघतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो. या भांडणांचं राजकारण कुणीतरी अभ्यासायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. नगरच्या कॉलेजातले माझे मार्गदर्शक सर भले गृहस्थ. त्यांनी माझा पीएच.डी.चा आराखडा दोनदा वाचला आणि कडेला एक प्रश्न लिहून परत दिला: जबरदस्ती नसताना एक देश आपला वाटा दुसऱ्याला का देईल? सोमवारी उत्तर आण, नाहीतर पंचायत समितीच्या निवडणुका हा विषय घे.

निवडणुकांचा मला भयंकर कंटाळा. शनिवारी एसटीनं बेलापूरला घरी गेले ती तोंड पाडूनच.

रविवारी आमच्या पाण्याची पाळी होती. पाटाचं पाणी ठरल्या क्रमानं मिळायचं. एकदा पाळी गेली की पुढची येईपर्यंत पिकानंही वाट बघायची आणि माणसानंही. आबा, म्हणजे माझे वडील, लग्नाला गेले आणि कांद्याला पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलं. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून तो बंद करायचा, पुढचा उघडायचा. इतकंच. पण मी सोबत वर्तमानपत्र नेलं. जगातले देश हवा-पाण्यावर बोलायला एकत्र बसणार अशी बातमी होती त्यात. ती मी चार वेळा वाचली, त्यातली एक वेळ मोठ्यानं, कांद्याला ऐकवून. मान वर केली तेव्हा बांध फुटला होता आणि आमचं पाणी शेजारच्या तात्यांच्या गव्हात खुशाल शिरलं होतं.

बांधावरच्या एका बाभळीपायी आबा आणि तात्या सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

तात्या पलीकडे उभे होते. "पोरी, पानी तुमचं हाय. आमी फोडलं न्हाई," ते म्हणाले. "माजी पाळी परवा हाय. त्यातलं निम्मं घ्या. पर तुज्या बापाशी मी आपनहून बोलायचो न्हाई."

मला एकदम हसूच आलं. माणूस द्यायला तयार होता, फक्त आधी बोलायला तयार नव्हता. मी बेधडक ठोकून दिलं, "तात्या, आबाच सकाळी म्हणत होते, तुमच्याशी बोलायला हवं. संध्याकाळी बांधावर येतील."

"त्यो म्हनला असं?"

"व्हय."

आबा लग्नाहून आले तेव्हा मी पाण्याचं सांगून टाकलं आणि ते ओरडायच्या आत जोडून दिलं, "तात्यांनी तुम्हाला बांधावर बोलावलंय."

दिवस मावळायच्या आधी दोघं समोरासमोर आले. आबा लग्नाच्या फेट्यातच. दोघंही वाट बघत राहिले. शेवटी आबा म्हणाले, "बोल."

"तू बोल की. तू..."

"पाण्याचं काय करायचं?" मी मध्येच घुसले आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. पाण्याचं पाच मिनिटांत ठरलं. बाभळीचा विषय दोघांनीही काढला नाही.

सोमवारी सरांना सगळं सांगताना माझे हातपाय एका जागी ठरत नव्हते. "सर, वाटा द्यायला माणसं तयार असतात. फक्त आपण आधी गेलो असं कुणाला दिसायला नको असतं. मी हेच शोधणार, कुणीच आधी न जाता दोघांना भेटवायचं कसं." सर डोळ्यांतून पाणी येईतो हसले, मग सही केली. म्हणाले, "खोटं बोललीस ते मात्र आराखड्यात नको."

पुढे परदेशांतल्या कितीतरी सभांत बसले, त्यावर पुस्तकं लिहिली. ते खोटं मात्र कुठेच लिहिलं नाही. आबा शेवटपर्यंत पाहुण्यांना ऐटीत सांगायचे, "आदी त्यो आला." तात्या त्यांच्या ओसरीवर तेच सांगायचे. मी दोन्ही घरी पोटभर जेवले आणि दोघांनाही हो म्हटलं. आता खरं सांगितलं तरी रागावायला दोघांतलं कुणी उरलं नाही, त्याचंच फार वाईट वाटतं.