मोरोपंतांचं वर-खाली

मोरोपंत मूळचे वाईकडचे. पण कुणी त्यांना गाव विचारलं की ते आधी विचारायचे, कुठलं सांगू, कारण लग्नानंतर त्यांची तीन गावं होऊन गेली होती. पंतोजी म्हणून जायचे, शाळा मांडायचे, आणि शाळा मोडायची. पहिल्या गावात पटकीनं मोडली, दुसऱ्या गावात पाटलांच्या भाऊबंदकीनं, आणि तिसऱ्या गावात नुसत्या कापसानं. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या कापसाला असा काही भाव आला होता, की ज्याला म्हणून दोन हात होते ते प्रत्येक पोर वेचणीला लागलं. तिकडे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडे मोरोपंतांच्या पडवीतली पोरं उठून गेली. याला काय म्हणायचं? भूगोल म्हणायचं, दुसरं काय.

चौथं गाव निंबखेड. अकोल्याहून पातूरकडे जाताना, घाटाच्या जरा अलीकडे. मोरोपंतांची बायको तारा मोठी सोशीक बाई, पण तिसऱ्या शाळेनंतर तिनंही मनाशी ठरवून टाकलं होतं. तवा, दोन पातेली आणि पाण्याची कळशी एवढंच तिनं बाहेर काढलं. बाकीची भांडी गाठोड्यातच राहिली. पुन्हा बांधायचीच आहेत तर सोडायची कशाला, असं ती एकदा म्हणाली, आणि मोरोपंतांना ते बोलणं फार लागलं. गाठोडं कोपऱ्यात होतं. जेवताना ते बरोबर त्यांच्या समोर यायचं.

मारुतीच्या देवळाच्या पडवीत शाळा बरी चालली होती. मग अकोल्याहून नकाशा आला. कापडावर चिकटवलेला, रंगीत, सगळ्या वऱ्हाडाचा. मोरोपंतांनी तो मोठ्या हौसेनं भिंतीला टांगला आणि स्वतः जसं शिकले होते तसंच शिकवलं. नकाशात वर उत्तर, खाली दक्षिण. अकोला वर, पातूर खाली. पोरं आधी एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. मोरोपंतांनी छडी आपटली तेव्हा हसू थांबलं आणि घोकंपट्टी सुरू झाली. चार दिवसांत सगळी पडवी एका सुरात म्हणू लागली, अकोला वर, पातूर खाली. मोरोपंत खूश झाले. माणूस असा खूश झाला की समजावं, काहीतरी बिनसणार आहे.

बिनसलं ते असं. गावचे पाटील खुशालराव यांच्या कापसाच्या बंड्या पहाटे अकोल्याला निघाल्या. पुढच्या बंडीवरचा गाडीवान नवा होता, नागपूरकडचा. धुकं इतकं, की बैलाची शिंगं दिसेनात. गावाबाहेर रस्ता फुटतो तिथे त्यानं शाळेआधी वेचणीला निघालेल्या पोरांना अकोल्याची वाट विचारली. पोरांना कधी नव्हे ते शाळेतलं काही विचारलं गेलं होतं. त्यांनी छाती काढून एका सुरात सांगितलं, अकोला वर. वर म्हणजे वरच ना, असं त्यानं पुन्हा विचारलं, तर पोरं म्हणाली की पंतोजींनी सांगितलंय. मग तो बिचारा वर गेला. जो रस्ता चढाचा, तो धरून निघाला, मागच्या बंड्यांवरचे गाडीवान पेंगत त्याच्यामागे, आणि धुकं विरलं तेव्हा पाटलांचा कापूस पातूरचा घाट चढत होता.

संध्याकाळी बंड्या परत आल्या. एक बैल लंगडत होता. खुशालराव तडक देवळात आले, आणि त्यांच्यामागे निम्मं गाव.

पाटील म्हणाले, "पंतोजी, तुमी आमच्या पोराइले काय शिकवून राह्यले? माह्या आज्याच्या आज्यापासून अकोला खाली हाये. अन् तुमी तो वर चढवला."

मोरोपंतांना आधी रागच आला. त्यांनी सांगितलं, शास्त्र आहे ते, साऱ्या जगात उत्तर वर असते. पाटलांनी हात लांब करून घाटाकडे दाखवलं. संध्याकाळच्या उन्हात बालाघाटाचे डोंगर स्वच्छ दिसत होते. वर ते, पाटील म्हणाले, आणि सपाटीला जिकडं उतरतो ते खाली. त्यात शास्त्र कशाला पाहिजे? मोरोपंत डोंगराकडे बघत राहिले. त्या गावात सगळेच वर म्हणत ते घाटाकडे, म्हणजे दक्षिणेकडे. त्यांनी ते रोज ऐकलं होतं आणि एक दिवसही त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. इतकंच काय, उत्तर वर का, हे त्यांना त्यांच्या पंतोजींनीही कधी सांगितलं नव्हतं. छडी तेवढी दिली होती.

पाटलांनी निकाल दिला. अकोल्याचे डिपुटी साहेब पुढच्या आठवड्यात शाळेची परीक्षा घ्यायला येणार होते. तोवर पोरं शाळेत येतील. परीक्षेला पाटील स्वतः बसतील. पाटलांचा नातू किसन किंवा दुसरं कुठलंही पोर उलटसुलट बोललं, की दुसऱ्या दिवसापासून सगळी वेचणीला, आणि पंतोजींनी आपली वाट धरावी. कोणती वाट, ते मात्र त्यांनाच विचारू नका, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. घरी गेल्यावर त्यांनी गाठोड्याकडे पाठ करून जेवण उरकलं. गावात पसरलेली गोष्ट तिला अर्थातच आधी कळली होती.

दुसऱ्या दिवशी मोरोपंतांनी नकाशा भिंतीवरून उतरवला. देवळासमोरच्या सारवलेल्या अंगणात तो अंथरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि फिरवून फिरवून नकाशातला बालाघाट खऱ्या घाटाच्या अंगाला आणला. अकोल्याचा ठिपका आपोआप अकोल्याच्या रस्त्याकडे गेला. पोरांना त्यांनी उगवतीकडे तोंड करून उभं केलं. डावा हात गेला अकोल्याकडे, ती उत्तर. उजवा गेला घाटाकडे, ती दक्षिण. किसन नकाशाभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, हा त आपलाच मुलूख हाये. मोरोपंतांना त्या एका वाक्यानं इतकं बरं वाटलं, की त्यांनी छडी देवळामागे नेऊन ठेवली.

मग त्यांनी एक नियम केला. धडा चालू असताना वर आणि खाली हे शब्द बंद. जो म्हणेल त्यानं आपला कान धरायचा. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा कान धरला तो मोरोपंतांनीच. पोरं नुसती टपून बसायची. पूर्णा नदी उगवतीकडून मावळतीकडे जाते, अकोला उत्तरेला आहे, मेळघाटाचे डोंगर त्याच्याही उत्तरेला आहेत, हे सगळं ती कान धरता धरता शिकली.

परीक्षेच्या दिवशी डिपुटी साहेब तट्टावरून आले. शिस्तीचे गृहस्थ होते. आल्याबरोबर त्यांनी नकाशा मागवला आणि सगळीकडे टांगतात तसा भिंतीला टांगायला लावला. मोरोपंत दोन पावलं पुढे झाले, पण साहेबांना अडवणार कोण? खांबाला टेकून पाटील बसले होते. साहेबांनी नेमका किसनला उभा केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नकाशात वर कोणती दिशा?"

पडवीत एकदम गलका झाला. एक चिमुरडं कुजबुजलं, साहेबानं वर म्हटलं. सगळ्या पोरांचे डोळे साहेबांच्या कानाकडे लागले, आता धरतात का म्हणून. साहेबांना काही कळेना. मोरोपंतांनी डोळे मिटून घेतले. त्यांना गाठोडं दिसलं, बैलगाडी दिसली, आणि पाचव्या गावाची कसलीशी पडवी दिसली.

किसननं नकाशा काढून घेऊ का, असं विचारलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून मान डोलावली. त्यानं तो अंगणात नेला, अंथरला, घाट घाटाला लावला आणि नीट उभा राहिला.

"साहेब, वर त आभाय हाये," किसन म्हणाला. "उत्तर तिकडं हाये, अकोल्याच्या अंगानं. नकाशा भिताडाले टांगला का उत्तर वर दिसते. पन भिताड चढून कोनी अकोल्याले जात नाही."

साहेब एकदा नकाशाकडे, एकदा अकोल्याच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग ते हसले. असे तसे नाही, पगडी सावरावी लागली इतके हसले. त्यांनी आणखी चार पोरांना उठवलं, नद्या विचारल्या, डोंगर विचारले, आणि प्रत्येक पोर अंगणात जाऊन बोट दाखवून सांगत गेलं. शेवटी साहेब पाटलांना म्हणाले की शाळा चांगली आहे, ती इथेच राहील, आणि पुढच्या खेपेला मी हिंदुस्थानचा नकाशा पाठवतो. मोरोपंत खाली बसले ते बसलेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं आणि ते लपवायला त्यांनी नकाशाची सुरळी करायला घेतली.

खुशालराव जाता जाता थांबले. "पंतोजी, उद्या बंड्या सुटतात," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "कोन्या अंगाले लावू?"

"खाली, पाटील," मोरोपंत म्हणाले. "खाली अकोल्याले."

पंतोजींच्या तोंडून ते वऱ्हाडी 'ले' ऐकून पाटील खो-खो हसत गेले.

घरी तारा दारातच उभी होती. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती आत वळली. मोरोपंत हातपाय धुऊन आत आले तर कोपऱ्यातलं गाठोडं सुटलेलं होतं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो मोरोपंतांचा त्या दिवशी खरोखरच त्या भांड्यांत पडला. पराती, वाट्या, लग्नातला तो मोठा हंडा, सगळं जमिनीवर मांडून तारा बसली होती. तिनं हंडा उचलला, फळीकडे बघितलं आणि विचारलं, "हा वर ठेवू, की खाली?"

तोंड उघडायच्या आधीच मोरोपंतांचा हात आपसूक कानाकडे गेला.