हरचरणच्या घड्याळाचं मशीन

माझी ती निवृत्तीआधीची शेवटून दुसरी पोस्टिंग. मी सिग्नल्समध्ये हवालदार होतो. उत्तरेकडे, बर्फात, एका इन्फंट्री बटालियनसोबत आमची छोटी डिटॅचमेंट होती. जागेचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तिथे ना गाव होतं ना झाड. काम सरळ होतं: वरच्या चौक्या आणि खालचा बेस यांचं बोलणं तुटू द्यायचं नाही. रेडिओ होता, पण सगळंच रेडिओवर बोलता येत नाही, म्हणून टेलिफोनची केबल अंथरलेली होती. बर्फाच्या वजनाने ती तुटायची. तुटली की दोन माणसं जाऊन ती जागा शोधायची आणि जोडून यायची. त्याला लाइन पार्टी म्हणतात.

डिटॅचमेंटमध्ये झाशीकडचे आम्ही दोघे. मी खंडेराव गेटचा. आमचे पूर्वज देवळाच्या पूजेसाठी कोकणातून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी-बुंदेली. दुसरा नायक हरचरण कुशवाह, बरुआसागरचा. त्यांची तळ्याच्या बाजूला आल्याची आणि अरवीची शेती. चारचौघांत तो मला ‘हवालदार साब’ म्हणायचा, दोघंच असलो की ‘भैया’.

त्याच्याकडे चावीचं घड्याळ होतं. नायकाची फीत लागली तेव्हा त्याने ते हौसेने घेतलं होतं. बाकीच्यांची सेलवरची घड्याळं थंडीत बंद पडायची. हरचरणचं चालायचं. सकाळी चहाआधी तो चावी द्यायचा आणि घड्याळ बाहीच्या आत, मनगटाच्या खालच्या बाजूला वळवून ठेवायचा. कुणी चिडवलं तर म्हणायचा, हात गरम आहे तोवर हे थांबत नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी वरच्या चौकीची लाइन गेली. ड्यूटी हरचरण आणि सिग्नलमन बिजूची होती. बिजू केरळचा, युनिटमध्ये येऊन वर्ष झालं नव्हतं. हवा ठीक होती, किंचित बर्फ पडत होतं. दोघे नाश्ता करून निघाले. दहाच्या सुमाराला मी रेडिओवर विचारलं.

“अल्फा फॉर अल्फा वन. पोझिशन बताओ. ओव्हर.”

“अल्फा वन. फॉल्ट मिल गया. जोड़ रहे हैं. ओव्हर.”

थोड्या वेळाने टेलिफोन वाजला. लाइनवर हरचरण होता.

“साब, आवाज आ रही है?”

“साफ है. वापस आओ.”

“आ रहे हैं.”

त्यानंतर डोंगरावरून आवाज आला. फार मोठा नव्हता. ट्रकमधून वाळू उतरवताना येतो तसा. टेलिफोन मेला. मी रेडिओवर हाक देत राहिलो. उत्तर आलं नाही.

कंपनी कमांडरांनी लगेच रेस्क्यू पार्टी काढली. मी तिच्यात होतो. कोसळून आलेल्या बर्फाची कड जिथे थांबली होती तिथेच बिजू सापडला, संध्याकाळच्या आत. तो गेलेला होता. हरचरण सापडला नाही. लांब सळया खुपसत, फावड्यांनी, कुत्र्यांना घेऊन आम्ही शोधलं. मग वरचा उतार पुन्हा हलायला लागला आणि शोध थांबवण्याचा आदेश आला. आदेश योग्य होता. शोध थांबवला नसता तर आणखी माणसं गेली असती.

मार्चमध्ये मला सुट्टी मिळाली. मी बरुआसागरला गेलो. हरचरणची बायको, फूलकुंवर भाभी, अंगणात आलं निवडत होती. हातात बांगड्या होत्या, कपाळाला कुंकू होतं. घरच्या बाया आतून माझ्याकडे बघत होत्या. मीच भाभींना समजावून सांगावं असं त्यांना वाटत असावं. भाभींनी पाणी दिलं आणि त्याच म्हणाल्या, “मिले नइयाँ, तौ कैसें मान लें?” सापडलेच नाहीत, तर मानायचं कसं. मी पाणी प्यालो आणि निघालो.

जुलैत बर्फ उतरलं तेव्हा तो सापडला. ओळख मी पटवली. मनगटावरून घड्याळ मीच काढलं, कारण बाकीच्या वस्तूंच्या पाकिटात ते जाऊ नये असं मला वाटलं. बुखारीजवळ, म्हणजे तंबूतल्या शेगडीजवळ, दोन दिवस वाळवलं, चावी दिली. ते चालू लागलं. 

शवपेटीबरोबर मी आलो. पेटी उघडू नका, असं मी भाभींना सांगितलं. त्यांनी ऐकलं. घड्याळ त्यांच्या हातात दिलं, ते त्यांनी कानाला लावलं. मग आत जाऊन बांगड्या उतरवल्या.

पुढची सगळी वर्षं भाभी रोज सकाळी घड्याळाला चावी देत. मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो, झाशीत घरी आलो. दर दिवाळीला बरुआसागरला जातो. घड्याळ देवळीत असायचं, चालू असायचं. आम्ही त्याबद्दल बोलत नसू.

गेल्या हिवाळ्यात भाभी बसने एकट्या आमच्या घरी आल्या. पदराच्या गाठीत घड्याळ होतं. बंद पडून आठवडा झाला होता. बरुआसागरच्या दुकानदाराने सांगितलं, आतलं फेका, सेलचं मशीन टाकतो, चावीची कटकट मिटेल. माझ्या बायकोने त्यांना जेवायला वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

सदर बाजारातल्या मोठ्या दुकानदाराने भिंगातून पाहिलं. आत गंज होता. तेव्हाचं पाणी इतकी वर्षं हळूहळू काम करत होतं. बॅलन्सच्या चाकाचा दांडा मोडला होता, केसासारखी बारीक स्प्रिंग गंजून अडकली होती. हे घड्याळ बनवणारा कारखाना कधीच बंद झाला, सुटे भाग येत नाहीत, असं दुकानदार म्हणाला. दिल्लीत एकजण असे भाग बनवून देतो, त्याला फोन लावून दिला. पलीकडून आलेला आकडा ऐकून भाभींनी घड्याळ परत पदरात बांधलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मी देतो.

“नहीं भैया,” त्या म्हणाल्या. “पेंशन उनकी आती है. उनकी चीज उसी में से बनेगी.”

मी पुन्हा विचारलं नाही.

दतिया गेटजवळ सक्सेनाजींचं छोटं दुकान आहे. त्यांनी तिसरा रस्ता सांगितला. याच कंपनीचं, याच जातीचं दुसरं घड्याळ आणा. काच फुटलेली चालेल, तबकडी गेलेली चालेल, मशीन शाबूत हवं. त्यातलं मशीन काढून यात बसवता येईल. खर्च फक्त मजुरीचा. त्यांच्या डब्यात पडलेल्या घड्याळांत तसं एकही नव्हतं.

भाभींनी विचारलं, मग यात त्यांचं काय राहील?

सक्सेनाजी म्हणाले, डबी राहील, तबकडी राहील, काटे राहतील.  भाभींनी बोट ठेवून दाखवलं. चावीची घुंडी. घुंडीचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते.

“यह?”

“यह घिस गई है. नई वाली में पकड़ अच्छी आएगी.”

“यही रहे तो डालो. नहीं तो रहने दो.”

सक्सेनाजींनी घुंडी फिरवून पाहिली आणि बसेल म्हणाले.

मी घड्याळ शोधायला लागलो. जुन्या बाजारात फिरलो, भंगारवाल्यांकडे विचारलं. सारखी दिसणारी मिळाली, पण मशीन वेगळं निघालं. एक आणलं, ते सक्सेनाजींनी उघडून तसंच परत दिलं. भाभींना दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचो. त्या फक्त ‘अच्छा’ म्हणायच्या. माझी बायको म्हणाली, आवाज उतरलाय त्यांचा. मलाही तो ऐकू येत होता.

शेवटी माजी सैनिकांच्या दवाखान्यात रांगेत बसलो असताना शेजारच्याशी बोलणं निघालं. तो निवृत्त ड्रायव्हर, माझी त्याची ओळख नव्हती. त्याच्या घरी तसं घड्याळ होतं. लग्नात सासऱ्याने दिलेलं, काच फुटल्यापासून ट्रंकेत पडलेलं. कुणासाठी हवंय, त्याने विचारलं. मी सांगितलं.  दुसऱ्या दिवशी तो ते रुमालात गुंडाळून घेऊन आला. पैशांचं काढलं तर उठून गेला.

घड्याळ तयार झालं तेव्हा भाभींना बोलावलं. सक्सेनाजींनी ते काउंटरवर ठेवलं, बाजूला एका छोट्या डबीत जुनं, गंजलेलं मशीन. भाभींनी आधी घुंडी पाहिली. मग घड्याळ कानाला लावलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते घासाघीस करत होतं. भाभींना त्याचं काही नव्हतं.

सक्सेनाजींनी सवयीने सूचना दिल्या. रोज एकाच वेळी चावी द्या, जोर लावू नका. एकदा चावी दिली की दीड दिवस चालेल.

भाभींनी घड्याळ कानावरून काढलं.

“पुराना भी इतना ही चलता था?”

“जी, इतना ही.”

त्या माझ्याकडे वळल्या. “उस दिन चाबी दी थी उन्होंने?”

“दी थी, भाभी. चहाआधी. मेरे सामने.” मराठी-हिंदी एक झालं, ते मला नंतर कळलं.

त्या मनात काहीतरी जुळवत होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, “तौ एक दिना लौ कोऊ तौ हतो उनके संगे.”

म्हणजे दिवसभर तरी त्यांच्यासोबत कुणीतरी होतं.

सक्सेनाजी म्हणाले, “वैसे माताजी, बर्फ में तो तेल जम जाता है, घड़ी...” मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, आणि पुढ्यातला रुमाल उगाच झटकून पुन्हा त्याची घडी घातली.

हात थंड झाल्यावर ते घड्याळ किती चाललं असेल, मला माहीत आहे. फार नाही. इतक्या वर्षांत भाभींनी मला कधी विचारलं नव्हतं की तो किती वेळ जिवंत होता, त्याने हाक मारली असेल का, कळलं असेल का. मी प्रत्येक दिवाळीला त्या प्रश्नासाठी तयार होऊन जात होतो. त्या दिवशीही त्यांनी तो विचारला नाही. त्यांनी स्वतःच एक उत्तर शोधलं, आणि ते त्यांच्याकडून काढून घेण्याचा हक्क मला नव्हता.

मजुरी त्यांनी पदराच्या गाठीतून दिली. जुन्या मशीनची डबी घेतली. मी त्यांना बरुआसागरच्या बसमध्ये बसवलं. खिडकीपाशी बसून त्यांनी घड्याळ मुठीत धरलं आणि मूठ पदराखाली घेतली, थंडीत एखादी वस्तू उबेला धरावी तशी. बस हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं, कारण मला चेहरा सावरायचा होता.

माझ्या डिटॅचमेंटचे दोन जवान त्या डोंगरावर गेले. नायक हरचरण कुशवाह, बरुआसागर. चांगला लाइनमन, हातमोजे न काढता गाठ मारू शकायचा. सिग्नलमन बिजू, समुद्रकाठच्या कोळ्याचा मुलगा. फौजेत येईपर्यंत त्याने बर्फ फक्त मासळीच्या पेट्यांत पाहिलं होतं. रोज वाटेला लागताना तो हरचरणला किती वाजले विचारायचा. त्याला वेळेची गरज नसे, सोबतीला बोलणं हवं असे. थंडी शिरू नये म्हणून हरचरण बाही वर न करता अंदाजानेच सांगायचा, बिजू मान डोलवायचा आणि दोघे चालू लागायचे. त्यांना असं जाताना मी पुष्कळदा पाहिलं. त्या सकाळी बर्फ पडत होतं, म्हणून वळणापर्यंतच दिसले.