मोकळी दिसणारी कुंडी

“कुंडीला पाणी घालू नका हं,” हे मालतीचं माझ्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं. इथे कॅनडात, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नाकाशी ऑक्सिजनची नळी, आणि बाईसाहेबांना काळजी कुंडीची! दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरा काहीतरी वेगळं ऐकायची आशा करतो… असो.

मालती वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ माळावरची एक दुर्मीळ आमरी तिने निम्मं आयुष्य अभ्यासली. ऑर्किड म्हटलेलं तिला खपायचं नाही. “लग्नाच्या स्टेजवर असतात ती ऑर्किडं. ही जमिनीतली आमरी,” असं ती पाहुण्यांना सुनवायची. वीतभर सरळ दांडा, त्याला बिलगून एकावर एक चढलेली टोकदार पानं, वर फिकट गुलाबी फुलं, त्यांच्या घशाशी जांभळे ठिपके. फुलं नसली की आजूबाजूच्या गवतात ती शोधून सापडत नाही. बी धुळीसारखं, त्यात शिदोरी म्हणून काही नसतं, मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं. मालतीने प्रयोगशाळेत बाटलीत रुजवलेल्या रोपांतलं एकच जगलं आणि ती निवृत्त झाल्यावर रीतसर परवानगीने आमच्या बेसमेंटमध्ये, दिव्याखाली राहायला आलं. हिवाळ्यात ते मातीवरून पार नाहीसं व्हायचं. खाली उरायचा फक्त कंद. तेव्हा पाणी घातलं तर तो कुजतो, उकरून पाहिलं तर दुखावतो. मी इंजिनिअर, मला हे पटायचं नाही.

“मग जिवंत आहे हे कळणार कसं?”

“नाही कळत. वाट बघायची.”

बातमी कळताच तिची धाकटी बहीण शैला नागपूरहून आली. दिवसकार्य, माणसांची ये-जा, स्वयंपाक, सगळं तिनेच ओढलं. मला तर चहाची साखरही सापडत नव्हती. निघायच्या दिवशी तिने मला हाताला धरून बेसमेंटमध्ये नेलं.

“भावोजी, ताईच्या नावाने तुळस लावलीये. आईच्या अंगणातल्या मंजिऱ्या आणल्या होत्या. ही कुंडी मोकळीच पडली होती. रोज पाणी घालतेय, बघा ना, कशी छान आलीये!”

ओल्या काळ्या मातीत इवली हिरवी पानं… शैलाचे डोळे भरलेले. मी “छान आलीये,” म्हटलं आणि तिला एअरपोर्टवर सोडून आलो.

परत येऊन तुळशीची रोपं चमच्याने वरच्यावर उचलून तशाच दुसऱ्या कुंडीत लावली. माती वाळावी म्हणून पंखा लावला. जवळच किचनर गावी राहणाऱ्या मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. “बाबा, डोन्ट डिग इट अप. आई वुड किल यू,” म्हणाली.

आता बर्फ वितळतंय. कंद कुजला असेल तर मालतीने हाताने वाढवलेलं या घरातलं शेवटचं काही गेलं, आणि ते मला इतक्यात कळणारसुद्धा नाही. मला काही म्हणता काही करता येत नाही.

शैलाचा अधूनमधून फोन येतो. “भावोजी, ताईची तुळस कशी आहे? फोटो पाठवा ना!” मी खाली जातो. शेजारची आमरीची कुंडी फोटोत दिसली तर ती विचारेल, म्हणून ती आधी बाजूला करतो. दोन्ही हातांनी धरून, अगदी सावकाश. आतल्या कंदाला धक्का लागायला नको. असेल तर…