शैलजाचा वशिला

शैलजा करंदीकरच्या हॉलमध्ये गणपतीच्या फोटोशेजारी एक फ्रेम आहे. नर्सिंगच्या ऑनर सोसायटीचं सर्टिफिकेट. ती मीच टांगून दिली, कारण तिच्या नवऱ्याला, दिगंबरला, खिळा सरळ मारता येत नाही. इंजिनियर म्हणे!

आम्ही अमेरिकेत ट्रॉय गावात एकाच गल्लीत राहतो. पुण्याची बीएस्सी इथे कोणी विचारेना, म्हणून चाळिशीला टेकलेली ही बाई सरळ नर्सिंगच्या कॉलेजात जाऊन बसली. वर्गातल्या पोरी तिला मॅम म्हणायच्या. तरी पहिल्या काही जणींत आली, आणि वरच्या नंबरच्या मुलींनाच घेणाऱ्या त्या ऑनर सोसायटीचं बोलावणं आलं. ती मला विचारते, "शुभाताई, जॉइन होऊ का हो? नोकरीला काही फायदा होतो का याचा?"

"अगं, मला काय विचारतेस? तिथे मोठमोठ्या नर्सेस येतील, त्यांना विचार की."

विचारेल तर शपथ. समारंभ छान झाला, मेणबत्त्या काय, गळ्यात पिवळा गोफ काय. नंतर चहाला आसपासच्या हॉस्पिटलमधल्या मोठ्या नर्सेस थांबल्या होत्या. प्रत्येक नव्या मुलीला पुढची वाट दाखवायला त्यांच्यातली एक जण वाटून दिलेली. हिच्या वाट्याला डोरोथी आली, पांढऱ्या केसांची, एका हॉस्पिटलात अख्खा मजला सांभाळणारी. तिने कार्ड दिलं, पास होत आलीस की फोन कर म्हणाली. आमच्या बाईंनी फोटो काढला, घरी येऊन रव्याचे लाडू वाटले आणि विषय संपला. सत्कार झाला, आता परत परत काय मिरवायला जायचं? मीटिंगला एकदाही गेली नाही. डोरोथीने आपण होऊन दोनदा फोन केला, तर ही म्हणाली, "थँक यू, आय ॲम फाइन."

फाइन डोंबलाची! दोन हजार आठच्या वसंतात दिगंबरच्या कंपनीने माणसं काढली, त्यात तो गेला. शैलजा पास झाली, लायसन्स आलं, पण सगळ्यांना अनुभवी नर्स हवी. ती कॉम्प्युटरवर अर्ज भरत बसायची आणि पलीकडून उत्तर म्हणून यायचं नाही. ऑगस्टअखेर दिगंबरच्या कंपनीचा इन्शुरन्स बंद झाला. आणि त्यांच्या नेत्राला, चौदा वर्षांच्या पोरीला, लहानपणापासून डायबिटीस. इन्सुलिनशिवाय तिचं पान हलत नाही. इन्शुरन्स नसला की इथे ते परवडत नाही, आणि इन्शुरन्स येतो नोकरीबरोबर. शैलजाला नोकरी म्हणजे नेत्राला औषध, एवढा सरळ हिशोब होता.

मी कानीकपाळी ओरडत होते, "त्या डोरोथीला फोन कर!"

दिगंबर म्हणाला, "वशिला लावायचा? माझ्या वडिलांनी कधी कोणापुढे शब्द टाकला नाही."

शैलजानेही मान डोलावली. "मेरिट असेल तर बोलावतील, शुभाताई."

"मेरिट गेलं चुलीत! अगं, इथे याला कोणी वशिला म्हणत नाही. ती सोसायटी असते कशाला मग? भिंतीला टांगायला?" माझा असा संताप झाला होता! पण दोघं ढिम्म हलली नाहीत. ओवाळून टाकावा असला स्वाभिमान.

नोव्हेंबरात एका दुपारी शाळेतून फोन आला. नेत्राला उलट्या होत होत्या, श्वास जोरजोरात चालला होता, ॲम्ब्युलन्स बोलावली होती. शैलजाला घेऊन मीच ड्राइव्ह केलं. आयसीयूतली डॉक्टर म्हणाली, ही मुलगी कित्येक दिवस अर्धंच इन्सुलिन घेतेय. शैलजा माझा हात धरून म्हणाली, "मी नर्स आहे हो, आणि मला घरातलं दिसलं नाही."

संध्याकाळी नेत्राने डोळे उघडले. आईने विचारलं, "का गं बाळा?"

"आय वॉज सेव्हिंग इट, आई. टिल यू गेट अ जॉब."

मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर आले. मागोमाग शैलजा आली आणि तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून डोरोथीचं कार्ड काढलं. म्हणजे इतके दिवस जवळ बाळगत होती, कर्म माझं! फोन लावला. "डोरोथी, आय नीड अ जॉब. प्लीज." पुढे नुसती रडत होती.

डोरोथी काय म्हणाली ते तिने मला फोन ठेवल्यावर सांगितलं. जूनमध्ये तिच्या मजल्यावर जागा होती. तिने ती शैलजासाठी जमेल तितकी अडवून धरली. फोन आला नाही, तेव्हा वाटलं, हिला दुसरीकडे मिळालं असेल. आता तिथली भरती बंद झाली होती. एका वृद्धाश्रमात मात्र नर्स हवी होती, मी लगेच बोलते म्हणाली, आणि अर्ध्या तासात तिचा फोन आलासुद्धा. सोमवारी यायला सांगितलं होतं. तिथला इन्शुरन्स लागू व्हायला मात्र अजून तीन महिने होते.

तेवढ्यात नोकरीसाठी बाहेरगावी गेलेला दिगंबर धावत आला, आणि आम्ही आत गेलो. नेत्राच्या नळ्या बघून त्याचं तोंड उतरलं. शैलजाने पोरीच्या हातावरची निघालेली पट्टी नीट चिकटवली आणि मग त्याला सांगितलं.

"सोमवारपासून मला नोकरी आहे. वशिल्याने."

तो बेडशेजारची खुर्ची ओढून बसला.

"जूनमध्येही होती," ती म्हणाली. "नुसती मागायची होती."