शेठच्या डाव्या कानाची खाच

डुकरं पाळणाऱ्याच्या अंगणात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक चिखल, दुसरे किस्से. चिखल उन्हाळ्यात तरी वाळतो. किस्से वाळत नाहीत. जो येतो तो त्यात पाय घालतो आणि आणखी मऊ करून जातो.

मी वेस्ता. तोरणमाळचा घाट सुरू होण्याआधी डाव्या हाताला आमचा पाडा आहे. तिथं माझी दोन एकर जमीन आणि नऊ-दहा काळी गावठी डुकरं. चौथीत मी दोनदा बसलो, म्हणजे शिक्षण आठवीपर्यंत धरायला हरकत नसावी. मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली नसती तर आणखी शिकलो असतो. पाड्यात मी मस्करी केली नाही असं एकही घर नाही. शेजारचा गुल्या तर माझं रोजचं गिऱ्हाईक. आणि घरात म्हातारी. म्हातारी म्हणजे माझी बायको. वयानं माझ्याहून चार वर्षं लहान, अकलेनं चाळीस वर्षं मोठी.

*

डुकराच्या पिल्लांची एक गंमत असते. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत प्रत्येकजण आपापला सड ठरवून घेतो. मग दूध सुटेपर्यंत तोच. दुसऱ्याच्या सडाला तोंड लावलं की मारामारी. एखादं पिल्लू मेलं तर त्याचा सड चार दिवसांत आटून जातो.

माझ्या डुकरिणीला आठ झाली. आठवं, सगळ्यांत बारकं, तिसऱ्या दिवशी गेलं. मी माझ्या हातानं मोहाच्या झाडाखाली पुरलं. पण त्याचा सड काही आटेना. भर दुपारी सातजण ओळीनं प्यायचे, शेवटची जागा रिकामी, आणि शेवटचा सड ओला. दाबून बघितला तर आत थेंब नाही. कोणीतरी आत्ताच पिऊन तोंड काढल्यासारखा.

पंधरा दिवस हेच. शेवटी मी म्हातारीला नेऊन दाखवलं. तिनं सड बघितला, डुकरीण बघितली, मग बराच वेळ माझ्या मिशा बघितल्या.

"तू तर पीत नाहीस ना?"

*

त्या सातांतला एक नर गुल्यानं घेतला. खच्ची केला, मक्याचा भरडा आणि मोहाचा चोथा घालून वाढवला. पोट पुढं काढून, कसलीच घाई नसल्यासारखा चालायचा, म्हणून गुल्या त्याला शेठ म्हणायचा. हाक मारली की शेठ येणार, पण जरा थांबून. मान राखून.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. कोणी नवस बोललं की त्या डुकराच्या डाव्या कानाच्या कडेला खाच कापतात. खाच पडली की ते डुक्कर कोणाचं राहत नाही. त्याला विकायचं नाही, हाकलायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. ते कोणाच्याही शेतात फिरेल, कोणाच्याही दारात बसेल. वेळ आली की ते एकटं चालत घाटातल्या देवाच्या सागाच्या झाडापर्यंत जातं, आणि परत येत नाही. आणि नवस कोणाचा ते फेडीपर्यंत कोणी विचारायचं नाही.

शेवटचा नियम मला फार आवडायचा. मस्करी करणाऱ्यासाठीच केल्यासारखा आहे.

शेठला न्यायला नंदुरबारहून हिरामण व्यापारी टेम्पो घेऊन येणार होता. गुल्याला घरावर नवे पत्रे घालायचे होते, महिनाभर तो पत्र्यांशिवाय दुसरं बोलत नव्हता. हिरामण यायच्या आदल्या दिवशी दुपारी शेठ चिखलात झोपलेला. मी गेलो आणि कानाला खाच पाडली. त्यानं डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं, परत मिटला. एवढंच.

घरी येऊन चाकू धूत होतो. म्हातारीनं रक्त बघितलं.

"कुणाच्या नावानं कापलंस?"

"तुझ्या," मी म्हणालो, आणि इतका हसलो की ठसका लागला. ती हसली नाही.

हिरामण आला, कान बघितला, दोरी गुंडाळून खिशात घातली.

"गुलाबभाऊ, हाई देवना माल शे. मी गाडीमा टाकत नही."

गुल्याचं तोंड असं झालं की मी ज्वारीत लपून पोट धरून बसलो. संध्याकाळी सांगून टाकू म्हटलं. पण संध्याकाळपर्यंत देवाचा पुजारा येऊन हळद लावून गेला होता, आणि अख्खा पाडा एकमेकांकडं चोरून बघत होता की नवस कोणाचा. एवढी गंमत कोण मोडेल? मी गप्प बसलो. गुल्याला नंतर माझ्याकडची दोन पिल्लं फुकट दिली. तर तो घाबरला. म्हणाला, "वेस्ता, तू मरणार आहेस का?"

*

त्यानंतर जनावरांचा एक तरुण डॉक्टर कानाला पिवळे बिल्ले मारायला आला. शेठचा, म्हणजे आता फक्त 'त्याचा', डावा कान देवाचा, म्हणून उजव्या कानाला मार म्हटलं. आम्ही पाचजण धरायला तयार. त्यानं धरू दिलं. स्वतः मान वळवून उजवा कान पुढं केला. मशीन कटकन वाजलं, बिल्ला बसला, रक्ताचा एक थेंब आला. तो बिल्ला एकदा बसला की कान फाडल्याशिवाय निघत नाही.

सकाळी बिल्ला गुल्याच्या उंबऱ्यावर. दोन्ही भाग एकमेकांत घट्ट बसलेले. आणि उजव्या कानाला भोक सोडाच, ओरखडाही नाही. मळलेल्या पिठातून बोट काढून वर हात फिरवावा तसं सपाट.

डॉक्टरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे बिल्ला लागलाच नसणार.

गुल्या म्हणाला, "साहेब, मग आम्ही पाचजणांनी मिळून कोणाचा कान धरला होता?"

डॉक्टरनं चहा अर्धा सोडला.

*

मग तो दारांत बसायला लागला. भर दुपारी, सावलीत नाही, उन्हात. कोणाच्या तरी दारासमोर बसायचा आणि आत बघायचा. शेतात तोंड घालायचा नाही, टाकलेलं खायचा नाही, तरी अंगानं उतरला नाही. पाड्यातल्या सुमलीच्या दारात तीन दिवस बसला, तर दोन महिन्यांचा तिचा ताप गेला. लोक त्याच्यापुढं मोहाची फुलं ठेवायला लागले. पत्र्याचं दुःख विसरून गुल्या छाती काढून फिरायला लागला. कोणी भेटलं की सांगायचा, घरी फार साधा होता.

मला आतून गुदगुल्या व्हायच्या. माझ्या भाजी कापायच्या चाकूनं केलेला देव, आणि अख्खा पाडा त्याला वाट देतो! एकदा तो समोरून आला तेव्हा मीसुद्धा वाट दिली. चेष्टेनंच. पण दिली.

*

पावसाळा संपता संपता म्हातारीनं अन्न सोडलं. आधी भाकरी, मग पेज, मग पाणीसुद्धा दोन घोट. शहाद्याला नेलं, तिथून नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात. आठ दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेऊन समजावून सांगितलं, आता घरी न्या, आवडीचं काय ते द्या. तिला आवडीचं काय विचारलं तर म्हणाली, तू गप्प बस. एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो.

घरी आणलं त्या दिवशी तो आमच्या दारात आला. बसला नाही. वाळलेलं गवत तोंडात धरून आणायला लागला. सागाची पानं, मक्याचा पाला. दारासमोर ठेवायचा, नाकानं सारखं करायचा, परत जायचा.

डुकरीण व्यायच्या आधी असं घरटं करते, हे मी जन्मभर बघत आलोय. नर करत नाही. खच्ची केलेला तर नाहीच नाही. आणि डुकराचं घरटं गोल असतं. हे लांबट होतं.

तिसऱ्या दिवशी ते पूर्ण झालं. डुकराचा घेर मोजायची माझी दोरी घेतली आणि मोजलं. मग आत गेलो. म्हातारी डोळे मिटून पडली होती. डोक्यापासून पायापर्यंत तिच्या बाजूला तीच दोरी धरली.

बोटभरही फरक नव्हता.

*

मी धावत गुल्याकडं गेलो. सांगितलं, खाच मी पाडली, मस्करी होती, नवसबिवस काही नाही. तो हसत सुटला. पन्नास वर्षं माझ्या थापा ऐकलेला माणूस. म्हणाला, बायको आजारी असताना तरी सोड रे. मी त्याचे पाय धरले तर आणखी हसला, मग एकदम थांबला. मी पाय सोडलेच नव्हते. तोच मला पुजाऱ्याकडं घेऊन गेला.

पुजाऱ्यानं सगळं ऐकून एकच विचारलं. कापल्यावर कोणाचं नाव घेतलं होतं का?

म्हातारीला काय म्हणालो होतो ते मी सांगितलं.

त्यानं विड्याचं पान खुडलं आणि म्हणाला, "देणं बोलून बसलास. मागायचं राहिलंय. तो त्यासाठी थांबलाय. जा आणि माग."

सांगायला सोपं आहे. सत्तर वर्षांत मी कोणाकडं काही खरेपणानं मागितलेलं नाही. भर दुपारी त्याच्यापुढं उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि काय सांगू, तोंडावर मस्करीच यायला लागली. गुल्याचे पत्रे कधी घालायचे, असलं काहीतरी. तो बघत राहिला. चिखलात झोपला असताना बघितलं होतं तसाच. शेवटी मी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "तिला उठू दे. बाकी तुला पाहिजे ते कर."

त्यानं गवतावर नाक घासलं. उठला आणि घाटाच्या बाजूला चालत गेला, पोट पुढं काढून, कसलीच घाई नसल्यासारखा. मी त्याच्या डाव्या कानाकडं बघत होतो. कान सबंध होता. कडा नवीन पानासारखी सरळ.

आतून म्हातारीचा आवाज आला, भाकरी आहे का.

भिंतीला टेकून बसली होती. भाकरी, मिरचीचा ठेचा, वर ताक. माझ्या वाटणीचीही खाल्ली. पोट भरल्यावर तिनं सवयीनं केस डाव्या कानामागं सारले.

कानाच्या कडेला, वरच्या बाजूला, खाच होती. जुनी, भरून आलेली, कैक महिन्यांची.

मी बघतोय हे तिनं बघितलं. हसली. तेव्हा हसली नव्हती ना, ते आत्ता हसली.

याला वर्ष झालं. तब्येत ठणठणीत आहे. तो काही परत आला नाही. त्याच्याबद्दल गुल्या विचारत नाही. मी तिच्यावर ओरडत नाही, ती कोणाच्याही शेतातून जाते, कोणाच्याही दारात बसते, कोणी काही म्हणत नाही. तिचं नाव मी या लिखाणात कुठंही घेतलेलं नाही, बघा.

रोज दुपारी ती एकटी देवाच्या सागापर्यंत चालत जाते. मी अंगणात बसून वाट बघतो. आजपर्यंत तरी परत आली आहे.