बावन्न उरतात, बाई

प्रायोंग बाईंनी बावीस वर्षं शाळेची शिस्त सांभाळली. लोई प्रांतातल्या त्या डोंगराखालच्या गावात त्यांच्या हातचा प्रसाद न मिळालेलं एकही घर नसेल. बाजारात भाजी घ्यायला गेल्या तर भाजीवाला आधी हात जोडायचा आणि मग हसत तळहात पुढे करायचा. "बघा बाई, अजून वळ आहे." वळबिळ काही नसायचं. पण बाईंना ते आवडायचं. एक सुभेदार झालेला विद्यार्थी दर सोंगक्रानला, थाई नववर्षाच्या सणाला, त्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालायला यायचा आणि म्हणायचा, "तुमच्या छडीनं माणूस झालो." हे वाक्य बाईंनी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्या "तो सुभेदार" म्हणाल्या की बाकीचे चहाला उठायचे.

त्या स्वतः खारवलेली मासळी विकणाऱ्या बाईच्या पोटी जन्मल्या. सहा भावंडं. शाळेत उशीर झाला म्हणून गुडघ्यांवर उभ्या राहिलेल्या, मार खाल्लेल्या, आणि त्यातूनच वर आलेल्या. निदान त्यांची समजूत तशी होती. म्हणून सरकारनं छडीवर बंदी आणली, तेव्हा त्यांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. छडी कपाटावर गेली आणि कात्री खिशात आली. सकाळी झेंडावंदन झालं की बाई रांगांमधून फिरत. मुलाचे केस बोटात धरता आले की खच्चकन कापायच्या. मुलीचे कानाच्या पाळीखाली उतरले की एका बाजूनं कापायच्या, दुसरी बाजू तिनं घरी जाऊन सारखी करून आणायची. पोरं पाठीमागे त्यांना 'कात्रीबाई' म्हणत.

कात्रीच्या जोडीला गुणांची वही होती. दरवर्षी प्रत्येकाला वागणुकीचे शंभर गुण. उशिरा आलं की दोन गेले. केस वाढले की पाच, भिंतीवरून उडी मारली की दहा, शाळेची वस्तू फोडली की वीस. साठच्या खाली गेलं की पालकांना बोलावणं. चाळीसच्या खाली गेलं की पालकांनी सही करून मुलाला दुसरी शाळा बघायची. चोवीस पानांची ही नियमपुस्तिका बाईंनी स्वतः लिहिली होती. शेजारच्या दोन शाळांनी ती मागून नेली होती.

मग थावोन सर मुख्याध्यापक होऊन आले. बोलायला गोड आणि नव्या कल्पनांचा सोस असलेला माणूस. त्यांनी जिल्ह्याच्या कार्यालयातून पैसे मिळवले आणि सभेत जाहीर केलं, की ऑगस्टअखेर ज्यांचे गुण साठच्या खाली असतील अशा तीस मुलांना सप्टेंबरात तीन दिवस रयोंगच्या समुद्रावर न्यायचं. भिक्खूंचं प्रवचन ऐकवायचं, खेळ घ्यायचे, पोहू द्यायचं. परतल्यावर सर्वांत सुधारलेल्या विद्यार्थ्याला साऱ्या शाळेसमोर बक्षीस.

"टवाळांना समुद्र दाखवायचा," प्रायोंग बाई म्हणाल्या, "आणि जी मुलं गुमान वागतात त्यांना काय दाखवणार आहात?"

"गुमान वागणाऱ्यांची कुणाला काळजी आहे, बाई?" थावोन सर हसले. "त्यांचं चाललंय की नीट."

सगळे हसले. बाईंनी यादीचं काम अंगावर घेतलं. वही त्यांच्याकडे होती, दुसरं कोण घेणार?

दहावीच्या वर्गात सक्दा नावाचा मुलगा होता. असल्या यादीत त्याचं नाव पहिलं. तीन वर्षं त्याचे गुण वर्षअखेर कधी साठच्या वर उरले नाहीत आणि चाळीसच्या खाली कधी उतरले नाहीत. बाईंना मनातून त्याचं कौतुकच होतं. त्याच वर्गात विलाई होती. शंभर गुण, तिन्ही वर्षं शंभर. आजोबांबरोबर राहायची, मधल्या सुट्टीत डब्यातला चिकट भात एकटीच खायची. बाईंना तिचा आवाजही आठवला नसता.

जुलैत ती एकदा बाईंच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. दोन मुलांची मारामारी निस्तरत असलेल्या बाईंनी मान वर केली. "काय केलंस?"

"काही नाही, बाई."

"मग इथे काय करतेस? वर्गात जा."

ती गेली.

त्यानंतर पंधरवड्यातच ती बिघडायला लागली. चार वेळा उशिरा आली. केस वाढवले. बाईंनी पाच गुण कापले आणि ताकीद दिली. पुढच्या आठवड्यात केस तसेच. तेव्हा बाईंनी तिला रांगेतून बाहेर काढलं, आठशे मुलांसमोर झेंड्याजवळ उभं केलं आणि डाव्या बाजूचे केस कानाच्या वरपर्यंत कापले. मुली सहसा रडायच्या, मान चोरायच्या. विलाईनं कात्रीला सोपं जावं म्हणून मान थोडी कलती केली. 'निर्ढावली,' बाईंच्या मनात आलं. 'कुणीतरी मुलगा असणार यामागे.' त्यांनी असली प्रकरणं शंभर पाहिली होती. दोन दिवसांनी ती मागच्या भिंतीवरून उडी मारताना सापडली, तीही भर दुपारी, चौकीदार समोर उभा असताना.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी तिनं मुख्याध्यापकांच्या खोलीच्या खिडकीवर दगड मारला. काच फुटली. पोर पळालीसुद्धा नाही. बाई धावत गेल्या तेव्हा ती तिथेच हात बांधून उभी होती.

"का फोडलीस?"

विलाईनं पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं फोडायला?"

"कुणी नाही, बाई." मग जरा थांबून तिनं विचारलं, "वीसच जातात ना? पुस्तिकेत वीस आहेत."

 भोवती मुलं जमली होती.

"मग बावन्न उरतात, बाई," विलाई म्हणाली. अगदी साध्या आवाजात, गणिताचं उत्तर सांगावं तसं.

बावीस वर्षांत बाईंशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांच्या कानशिलांत रक्त चढलं. "माझ्यापुढे हिशेब मांडतेस? उद्धटपणाचे आणखी वीस. आता किती उरले ते सांग!"

मुलीचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. "बाई, नको," ती म्हणाली. "बाई, वीस नका कापू. पाच कापा. हवं तर दहा कापा."

"किती उरले?"

"बत्तीस."

"मोठ्यानं!"

"बत्तीस, बाई."

तिसऱ्या दिवशी तिचे आजोबा फान आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला धुतलेला सदरा, हातात केळ्यांचा घड. आपल्या मुलीच्या वयाच्या बाईंना त्यांनी कपाळापर्यंत हात नेऊन नमस्कार केला आणि घड टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला.

"मारा तिला, बाई. माझ्यासमोर मारा, मी चकार शब्द काढणार नाही. पण शाळेतून काढू नका."

"आता मारता येत नाही, आजोबा. कायदा आहे."

"मग दुसरं काही करा. अंगण झाडायला लावा. मी पण येतो झाडायला."

"नियम आहे, आजोबा. एकीला सोडलं की उद्या दहा जणी येतील."

म्हाताऱ्यानं कागद जवळ ओढला. मग बाईंनी दाखवलेल्या ठिकाणी हळूहळू एकेक अक्षर काढत सही केली. केळी तिथेच राहिली. ती शिपायानं वाटून टाकली. दुसरी शाळा चाळीस किलोमीटरवर होती. विलाई तिथे गेली नाही हे बाईंना कळलं, पण त्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

सप्टेंबरात बस रयोंगला जाऊन आली. पोरं काळी होऊन परतली. सर्वांत सुधारलेला विद्यार्थी म्हणून सक्दाला झेंड्यासमोर बक्षीस मिळालं, थावोन सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सक्दा बाईंच्या खोलीत आला. न बोलावता आला, हेच पहिलं आश्चर्य. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेली काचेची बरणी होती. आत मिरची आणि आंबवलेल्या मासळीचं लाल तिखट, इकडे घरोघरी करतात तसं.

"बाई, ही विलाईची आहे. तुम्ही तिला परत द्याल? मला जायला तोंड नाही."

"तुझ्याकडे कशी आली?"

"तिची आई तिकडे रयोंगला कोळंबी सोलायच्या कारखान्यात आहे. आमच्या शिबिरापासून दोन किलोमीटरवर. दोन सोंगक्रान झाले, घरी आलेली नाही. फोनवर म्हणते, पुढच्या वेळी येते. शिबिर तिथेच आहे हे विलाईला कळलं, तेव्हा तिनं मला विचारलं, गुण कसे उतरवायचे." सक्दानं खाली पाहिलं. "मी शिकवलं. म्हटलं, घाई करू नकोस, थोडे थोडे उतरव, साठच्या खाली जा पण चाळीसला शिवू नकोस. हिशेबाची वही करून दिली होती मी तिला, बाई. शेवटी काच फोडायची, वीस जातात, बावन्नवर थांबायचं. सगळं बरोबर होतं."

बाई खुर्चीत बसल्या.

"तिचं नाव गेलं, तेव्हा तिनं ही बरणी दिली. म्हणाली, निदान आईला एवढं दे."

"मग दिली का नाहीस?"

"फाटकाबाहेर सोडत नव्हते. मी भिंतीवरून गेलो असतो, बाई, त्या भिंतीचं काय एवढं. पण थावोन सर म्हणाले होते, कुणी पळालं तर बक्षीस गेलं." त्याचा आवाज चिरकला. "मला वाटलं, एकदा आपलं नाव चांगल्यासाठी पुकारलं जाऊ दे. माझ्या बापानं कधी ऐकलं नव्हतं."

 बाईंनी बरणी ठेवून घेतली आणि त्याला घरी पाठवलं. मग त्यांनी वही उघडली. विलाईच्या पानावर सगळं त्यांच्याच हातचं, सुबक अक्षरात होतं. जुलैतली ती दारात उभी राहिलेली मुलगी तेव्हा त्यांना आठवली. काहीतरी मागायला आली होती. आणि आपण तिला विचारलं होतं, काय केलंस.

दुसऱ्या दिवशी त्या थावोन सरांकडे गेल्या. म्हणाल्या, मुलीला परत घ्या, चूक माझी आहे, उद्धटपणाचे वीस गुण पुस्तिकेत नाहीतच. ते मी रागानं कापले.

सरांनी सगळं ऐकलं. "वाईट झालं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पण आजोबांची सही झाली, कागद जिल्ह्याला गेला. आता पुढच्या वर्षी बघू. आणि बाई, नियम तुम्हीच लिहिलेत ना?"

विलाई मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर कामाला लागली होती. बाई मोटरसायकल घेऊन गेल्या, तेव्हा ती डोक्यावर टोपी घालून एका ट्रकमध्ये डिझेल भरत होती. बाईंना पाहून तिनं नळी जागेवर लावली आणि हात जोडले. शाळेत जोडायची तसेच.

"टाकी भरू, बाई?"

"नको. तुझ्याशी बोलायचंय." बाईंनी बरणी पुढे केली. विलाईनं ती घेतली, कापड सोडलं, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं.

"सक्दानं सांगितलं मला सगळं," बाई म्हणाल्या. "पोरी, मला सांगायचंस की गं."

"आले होते, बाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "पण शंभर गुणवाल्यांचं तुमच्या खोलीत काही काम नसतं."

बाईंनी माफी मागितली. ती त्यांना नीट मागता आली नाही. आयुष्यात त्यांनी मुलांकडून हजारदा माफी मागवून घेतली होती, स्वतः कुणा मुलाकडे कधी मागितली नव्हती. 'तुझंही थोडं चुकलंच' असं एक वाक्य मध्येच तोंडातून निसटलं आणि त्यांनी जीभ चावली. मग पुढच्या वर्षी शाळेत परत येशील का, असं विचारलं.

विलाईनं मान हलवली. "झेंड्यासमोर उभं राहणं आता व्हायचं नाही माझ्याकडून. सगळे बघतील."

"मग रविवारी प्रौढांचा वर्ग असतो, तिथून दहावी होते. मी शिकवते तुला. मी येते."

"बघते, बाई. सुट्टी मिळाली तर."

मागे गाडीनं हॉर्न दिला आणि ती टोपी सारखी करत पळाली.

पाच रविवार ती आली. गणितात तिचं डोकं विलक्षण चालायचं, बाईंना ते इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. सहाव्या रविवारी आली नाही. सातव्या रविवारी बाई तिच्या घरी गेल्या. फान आजोबा ओट्यावर टोपली विणत बसले होते.

"गेली आईकडे," ते म्हणाले. "तिथे कोळंबीवर माणसं हवी होती. दोघी एका खोलीत राहतात. बर्फात हात घालून बोटं सुजतात म्हणे." त्यांनी बाईंना पाणी दिलं. "आईला भेटायचं होतं पोरीला. भेटली. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

म्हाताऱ्यानं ते समजुतीनं म्हटलं होतं. बाईंनी मात्र पाण्याचं भांडं तसंच ओट्यावर ठेवलं.

त्या वर्षअखेर त्यांनी शिस्तीचं काम सोडलं. थावोन सरांनी खूप समजावलं. बाई बधल्या नाहीत. वही एका तरुण शिक्षकाकडे गेली, त्यानं ती फोनवर घेतली. शिबिर पुढच्या वर्षीही गेलं, त्याच्या पुढच्याही. चांगलं वागणाऱ्या मुलांसाठीही असं काही व्हावं म्हणून बाईंनी दोन वेळा अर्ज केला, दोन्ही वेळा जिल्ह्याकडून उत्तर आलं, की त्यासाठी तरतूद नाही. मग त्या उरलेली सहा वर्षं नुसतं शिकवत राहिल्या. हजेरी घेताना शांत मुलांची नावं दोनदा वाचायच्या आणि प्रत्येकाकडे बघायच्या. मुलांना वाटायचं, बाईंना आता कमी दिसतं.

निवृत्तीच्या दिवशी मंडप घातला होता. सुभेदार आला होता, गणवेशात. तो आणि आणखी चार जण बोलले. सगळ्यांच्या बोलण्यात छडी होती, कात्री होती, आणि 'माणूस झालो' हे होतंच. मग बाईंच्या हातात माईक दिला. त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून एका मुलीचं शिक्षण गेलं. शंभर गुणांची मुलगी होती. मी विचारलं नाही आणि रागानं..."

"बाई, तुम्ही फार नम्र आहात!" सूत्रसंचालक मध्येच मोठ्यानं म्हणाला, आणि मंडपात हशा उठला. हशानंतर टाळ्या सुरू झाल्या. आठशे मुलं टाळ्या वाजवत होती आणि नवा शिस्तीचा शिक्षक रांगांच्या मधून फिरत, कोण वाजवत नाही ते बघत होता. बाई माईक धरून थांबल्या. टाळ्या संपल्यावर पुढचं सांगू, असं त्यांच्या मनात होतं. पण तोवर कुणीतरी फुलांचा हार आणला.